आभाळाचा कांदा

मराठी माणसाला रंगांतलं काही कळत नाही असं ज्याला वाटत असेल, त्याने येवल्याच्या एखाद्या पैठणीच्या दुकानात गादीवर तासभर मांडी घालून बसून दाखवावं. शेजारी गिऱ्हाईक म्हणून एक मध्यमवयीन बाई हवी आणि तिच्या भाचीचं लग्न ठरलेलं हवं. "हा मोरपंखी नको, चिंतामणी काढा." दुकानदार काढतो. "हा कसला हो चिंतामणी? हा रामा झाला." मग आमसुली येतो, वांगी येतो, डाळिंबी येतो, गुलबक्षी येतो, अबोली येतो. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा घालून विणलेली धूपछाव येते. ती तर घडी हलली की रंग बदलते. सोबत आलेला नवरा नावाचा प्राणी या सगळ्यांना 'निळा' आणि 'लाल' अशी दोनच नावं देऊन भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत असतो. पण तो अपवाद. जात म्हणून आपण रंगांच्या बाबतीत फार चिकित्सक आहोत.

आपली भाषाच बघा ना. आपण पिवळ्यावर थांबत नाही. आपल्याकडे पिवळसर आहे, पिवळट आहे आणि पिवळाधमक आहे. पिवळसर असतो तो सोनचाफा, पिवळट असतो तो कावीळ झालेल्याचा चेहरा आणि पिवळीधमक असते ती हळद. काळा, काळसर, काळपट, सावळा आणि काळाकुट्ट यांत मुलगी बघायला गेलेल्या मंडळींनी एकेकाळी किती बारीक भेद केले, ते आठवून आज लाज वाटते, पण भेद केले होते हे खरं. दिवस मावळतानाच्या अर्ध्या तासाला तर आपण तिन्हीसांजा, दिवेलागण आणि कातरवेळ अशी तीन-तीन नावं देऊन ठेवली आहेत, आणि तिन्हींचा उजेड वेगळा आहे.

अशा भाषेत वाढलेल्या माणसाच्या दिवाणखान्यात, पंचावन्न इंची टीव्हीवर, ती कातरवेळ लासलगावच्या कांद्यासारखी गोल गोल चिरून पडते. वर त्याला ऐकवलं जातं, "चालायचंच हो!" हे चालायचं नाही, एवढंच सांगायला मी आज बसलो आहे.

प्रकरण असं. माझ्या आईने तिच्या शेवटच्या त्रिपुरी पौर्णिमेला गोदावरीत दिवा सोडला. वय चौऱ्याऐंशी. रामकुंडाजवळच्या पायरीवर ती बसली होती, हातात पानाचा द्रोण, द्रोणात वात, आणि मागे मावळतीचं आकाश. खाली केशरी, वर गुलाबी, त्याच्या वर जांभळट आणि अगदी माथ्यावर रात्रीची निळाई. हे सगळं माझ्या भाच्याने त्याच्या फोनवर चार मिनिटं टिपलं आणि नातेवाइकांच्या गटावर टाकलं. गटावरून ते चुलतभावाकडे गेलं, त्याच्याकडून आत्याकडे आणि आत्याकडून फिरून आमच्याकडे. वर्षश्राद्धाला सगळे जमले तेव्हा सौ. म्हणाली, "आता मोठ्या पडद्यावर बघू या." फोनवरून ते हवेतून टीव्हीवर सोडलं.

आई दिसली. पण तिच्या मागे आकाश नव्हतं. एक केशरी पट्टा, मग रेघ, मग शेंदरी पट्टा, मग रेघ, मग गुलाबी पट्टा. दिंडोरी रोडवरच्या 'मेरी'तल्या एखाद्या साहेबाने धरणासाठी समोच्च रेषांचा नकाशा काढावा, तसं आभाळ. दिवा हलला की ते पट्टेसुद्धा सरपटायचे.

आता आपल्याकडे कुठलीही वस्तू बिघडली की तीन तज्ज्ञ फुकट मिळतात. पहिला तज्ज्ञ दुकानदार. "साहेब, टीव्ही जुना झाला. पासष्ट इंची घ्या, हप्ते पाडून देतो." दुसरा तज्ज्ञ घरातला तरुण. "काका, नेटचा प्लॅन वाढवा." तिसरा शेजारचा निवृत्त माणूस. तो म्हणतो, "अहो, आई दिसतात ना? मग आकाश कोण बघतंय?" या तिघांना एकेक करून उत्तर देणं मला भाग आहे. कारण याच तीन वाक्यांवर या देशातल्या लाखो घरांतली आभाळं चिरली जात आहेत.

आधी हा कांदा कापला कुठे जातो ते समजून घ्यावं लागेल. घाबरू नका, गणित चौथीचं आहे.

खऱ्या आकाशात उजेडाचा उतार असतो. टीव्हीच्या आकाशात जिना असतो. नेहमीच्या चित्रात तांबडा, हिरवा आणि निळा या तीन रंगांना प्रत्येकी २५६ पायऱ्या दिलेल्या असतात. याला आठ बिटांचा रंग म्हणतात. तिन्हींचा गुणाकार केला की १,६७,७७,२१६ रंग होतात. एवढे रंग येवल्यातही नाहीत, असं दुकानदार छाती फुगवून सांगतो. आकडा खरा आहे, पण फसवा आहे. मावळतीच्या आकाशाला यातले सगळे रंग लागतच नाहीत. त्याला एका रंगातून शेजारच्या रंगात हळूच सरकायचं असतं. समजा, पडद्याच्या डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत उजेडात एकूण पंचवीस पायऱ्यांचाच फरक आहे. पंचावन्न इंची टीव्हीची रुंदी सुमारे १२२ सेंटिमीटर. भागिले पंचवीस. एकेक पट्टा जवळजवळ पाच सेंटिमीटरचा झाला. पायरी इतकी रुंद झाल्यावर ती दिसणार नाही तर काय!

इथेच आपले पहिले तज्ज्ञ, म्हणजे दुकानदार, कोसळतात. त्रेचाळीस इंची टीव्हीवर हाच पट्टा चार सेंटिमीटरहून थोडा कमी होतो. पासष्ट इंचीवर तो पावणेसहाच्या घरात जातो. म्हणजे हप्ते भरून आपण विकत काय घेतो, तर जास्त रुंद पट्टे! चांगल्या टीव्हीला माझी ना नाही. दहा बिटांचा पडदा असेल तर पायऱ्या २५६ च्या जागी १०२४ होतात, आणि चित्रही दहा बिटांचं असेल तर फरक नक्की पडतो. पण चित्रच चिरून आलेलं असेल तर मोठा पडदा म्हणजे कांद्यावर धरलेलं भिंग.

तिसऱ्या तज्ज्ञांचं, म्हणजे शेजाऱ्यांचं, उत्तर १८६५ सालीच दिलेलं आहे. त्या वर्षी अर्न्स्ट माख नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की दोन जवळजवळच्या छटा शेजारी शेजारी आल्या की माणसाचा डोळा त्यांच्यामधली कड मुद्दाम ठळक करून घेतो. उजळ बाजू आणखी उजळ, काळी बाजू आणखी काळी. तेव्हा "आकाश कोण बघतंय" याचं उत्तर "सगळेच बघताहेत" असं आहे. तुम्ही बघायचं नाही म्हटलंत तरी डोळा बघतो. सुनेच्या स्वयंपाकातलं मीठ जसं सासूला न चाखता कळतं, तसं आहे ते.

मग प्रश्न असा उरतो, की फोनमध्येही आठच बिटं असताना भाच्याच्या फोनवर हेच आकाश मऊ का दिसत होतं? एक कारण म्हणजे फोनचा पडदा तळहाताएवढा. पण खरं कारण वेगळं आहे, आणि ते मला फार आवडलं. कॅमेरा जे टिपतो त्यात थोडी रवाळ खळबळ असते. बारीक बारीक ठिपके उगीच लुकलुकत असतात. हा कॅमेऱ्याचा दोष समजतात. पण दोन पायऱ्यांच्या कडेवर हे ठिपके इकडचे तिकडे सांडतात, आणि कड पुसली जाते.

रांगोळी घालणाऱ्या प्रत्येक बाईला हे ठाऊक आहे. गुलाबीतून जांभळ्यात जायचं तर ती मधे तिसरा रंग कालवत बसत नाही. गुलाबीवर चिमटीतून जांभळे कण विरळ भुरभुरते, पुढे दाट करत जाते. लांबून बघणाऱ्याला मधली छटा दिसते, जी डब्यात मुळात नव्हतीच. १९६१ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये लॉरेन्स रॉबर्ट्स या विद्यार्थ्याने हेच प्रबंधात मांडलं. चित्र कमी पायऱ्यांत बसवायचं असेल तर आधी त्यात थोडी खळबळ मुद्दाम मिसळा, मग पट्टे दिसत नाहीत. आमच्या आळीतल्या बायकांना त्याबद्दल पदवी कोणी दिली नाही, एवढाच फरक.

आणि नाशिककराला तर हे कुणी शिकवायलाच नको. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' दाखवण्याआधी ठसे करण्याच्या आणि छपाईच्या धंद्यात होते. त्या काळच्या छपाईत करडी शाई नसायची. काळ्या शाईचे लहानमोठे ठिपके कमीजास्त करून चेहऱ्यावरची सावली छापावी लागे. छटा म्हणजे ठिपक्यांची करामत, हे या धंद्यातल्या माणसाला रोज पोटासाठी कळत होतं. याच फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावून त्याचा अंकुर कसा वाढतो ते थोडं थोडं करून कितीतरी दिवस टिपलं होतं. घरातल्या घरात काढलेली ती फिल्म! म्हणजे घरच्या चलच्चित्राचं आद्यपीठ आमच्याकडेच, आणि आमच्याच घरात आभाळाचा कांदा.

आता खलनायक. त्याचं नाव आकुंचन. त्याच्यावर अन्याय नको, तो लागतोच. साध्या एचडी चित्राला काही न दाबता ठेवायचं म्हटलं, तर सेकंदाला तीस चित्रांच्या हिशेबाने सुमारे १८७ एमबी लागतात. चार मिनिटांच्या आईला जवळपास ४५ जीबी! तेव्हा फोन ते घडी घालून ठेवतो, आणि बऱ्यापैकी घडी घालतो. भाच्याकडची मूळ फाइल ४८० एमबीची होती. आमच्यापर्यंत गटागटांतून फिरत आलेली पंधरा एमबीची. म्हणजे आमच्या घरी आई बत्तिसावा हिस्सा पोचली.

बाकीचे एकतीस हिस्से कुठे गेले? तर आकुंचन करणारं यंत्र हे अति स्वच्छतेच्या पाहुण्यासारखं असतं. त्याला जागा करायची असली की आधी ते लहान लहान गोष्टी फेकतं, कारण त्या 'कुणाच्या लक्षात येत नाहीत'. सगळ्यात लहान गोष्ट कुठली? ती रवाळ खळबळ. रांगोळीचे भुरभुरलेले कण झाडून काढले की खाली उरतात दोन रंगांचे दोन पट्टे आणि मधे धारदार रेघ. यंत्राच्या हिशेबी मात्र आकाश स्वच्छ झालं! जुन्या टीव्हीवर अँटेना फिरवताना दिसणाऱ्या मुंग्यांना आपण किती शिव्या घातल्या. पण १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झालं काय, १९८२ साली चित्र रंगीत झालं काय, त्या मुंग्यांच्या राज्यात आकाशाला पायऱ्या नव्हत्या.

त्यात फोनचं चित्र हवेतून टीव्हीवर सोडण्याची ती 'आरशा'ची सोय. फोन आधी घडी उलगडतो, स्वतःच्या पडद्यावर चित्र लावतो, मग त्या पडद्याचं घाईघाईत पुन्हा आकुंचन करतो आणि वायफायवर भिरकावतो. टीव्ही ते झेलून पुन्हा उलगडतो. पापड एकदा लाटलेला असताना वाटेत दुसऱ्याने पुन्हा लाटावा, तसा प्रकार. इथे आपले दुसरे तज्ज्ञ, घरातले तरुण, गप्प होतात. फोनपासून टीव्हीपर्यंतचा हा प्रवास घरातल्या घरातला आहे; बाहेरून येणाऱ्या नेटच्या प्लॅनचा त्यात संबंध नाही. गंगापूर धरणातून जास्त पाणी सोडलं म्हणून आपल्या माठाची तोटी मोठी होत नाही.

शेवटचा वार टीव्ही स्वतः करतो. दुकानात शंभर टीव्ही शेजारी शेजारी लावलेले असतात. त्यात आपलाच डोळ्यांत भरावा म्हणून प्रत्येकाला एक भडक अवस्था दिलेली असते. तिचं नाव 'व्हिव्हिड'. ती घरी आल्यावर कोणी बदलत नाही. या अवस्थेत सगळी माणसं रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडीत धप्पा मारून वर आल्यासारखी दिसतात. रहाडीबद्दल माझी तक्रार नाही, पेशवाईपासूनची आहे ती आणि वर्षातून एकदाच उघडते. हे तर रोज रात्री उघडतं! उजेड-अंधारातला फरक ही अवस्था ताणते, म्हणजे पायऱ्यांची उंची वाढवते. दिसत नव्हती ती रेघही मग दिसायला लागते.

इतकं कळल्यावर उपाय अवघड नाही, आणि त्याला पैसेही फारसे लागत नाहीत. म्हणूनच तो कुठलाही दुकानदार सांगत नसावा.

पहिलं, फिरत आलेली प्रत टाकून ज्याने टिपलं त्याच्याकडची मूळ फाइल मिळवायची. पाठवणाऱ्याला 'व्हिडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव' असं सांगायचं, म्हणजे वाटेत कोणी लाटत नाही. नाहीतर सरळ पेनड्राइव्हवर घ्यायची. दुसरं, आरसा बंद. पेनड्राइव्ह टीव्हीच्या पाठीत खुपसायचा, किंवा एचडीएमआयची केबल लावायची. हवेतूनच पाठवायचं असेल तर फाइल जशीच्या तशी पोचेल अशी पद्धत निवडायची. घरच्या संगणकातून दाखवत असाल तर त्याने वाटेत फाइल दुसऱ्या साच्यात ओतू नये म्हणून दर्जापुढे 'ओरिजिनल' निवडायचं. दहा बिटांत टिपलेली फाइल वाटेत आठात ओतली गेली की चारातल्या तीन पायऱ्या तिथेच गळतात. तिसरं, टीव्हीला 'व्हिव्हिड'मधून काढून 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर'वर आणायचं आणि कॉन्ट्रास्ट आपोआप ताणणारी सोय बंद करायची. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटतं. तिसऱ्या दिवशी ते पिवळसर होतं. मग कळतं की माणसांचा रंग असाच असतो. काही टीव्हींत छटा मऊ करणारी वेगळी कळ असते. ती 'लो'वर ठेवावी, 'हाय'वर ठेवली तर साडीचे काठही मऊ होतात.

मी हे सगळं केलं. भाचा दिवाळीला पुण्याहून येताना मूळ फाइल घेऊन आला. पट्टे पूर्ण गेले असं म्हणणार नाही. माथ्यावरच्या निळाईत, शोधून काढली तर, एखादी रेघ आहे. पण केशरीतून गुलाबी कुठे सुरू होतो ते आता दाखवता येत नाही, आणि तसंच असायला हवं.

मात्र दुसरं एक झालं, आणि खरं सांगायचं तर हा सगळा तावातावाचा लेख त्याच्यासाठी आहे. मूळ फाइल लागली आणि सौ. एकदम म्हणाली, "सुरकुत्या आल्या की हो!" त्या पंधरा एमबीत आईचा गाल गुळगुळीत झाला होता. लहान लहान गोष्टी फेकता फेकता यंत्राने तिच्या सुरकुत्याही झाडून काढल्या होत्या. नऊवारीचं विणकाम, हाताच्या शिरा, कपाळावरचं पुसट गोंदण, सगळं 'कुणाच्या लक्षात येत नाही' या सदरात. गटावरच्या कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं, हे तर जास्तच वाईट. सहा महिने आम्ही सगळे एका कुठल्याशा टवटवीत बाईला नमस्कार करत होतो.

तेव्हा आकाशाचे पट्टे ही तक्रार नाहीच, ती सूचना आहे. ताप हा जसा रोग नव्हे तशी. पट्टे दिसले की समजावं, आपल्याकडे आलेली प्रत कुणीतरी झाडून पाठवलेली आहे. पट्टे पुढे मऊ करता येतात. त्यांवर पुन्हा खळबळ शिंपडून ते लपवणाऱ्या युक्त्याही आहेत. पण झाडून टाकलेली सुरकुती कोणतंही यंत्र परत आणत नाही. आणलीच तर ती त्याने स्वतः रचलेली असेल, दुसऱ्या कुणाच्या आजीची.

आणि मूळ प्रत असते कुठे? एखाद्या भाच्याच्या, भावजयीच्या, व्याह्यांच्या फोनमध्ये. त्या फोनला रोज रात्री 'जागा संपली' असा निरोप येतो आणि यादीत सगळ्यात वर सगळ्यात मोठी फाइल असते. ती पुसायला बोट एकदाच टेकवावं लागतं. "गटावर आहे की!" असं म्हणून ते टेकवलं जातं. गटावर काय आहे ते मी आत्ताच सांगितलं.

म्हणून टीव्हीच्या दुकानात जाण्याआधी एक फोन करा. "बाबा रे, त्या दिवशी तू जे टिपलंस ते अजून तुझ्याकडे आहे का?" असेल तर तसंच्या तसं मागवा आणि दोन ठिकाणी ठेवा. मागताना लाजू नका. येवल्याच्या दुकानात पंचविसावी साडी काढायला लावताना आपल्या घरच्या मंडळी लाजत नाहीत, आणि तिथे तर पैसेही द्यावे लागतात.